तिसऱ्या मितीचा खर्च

१९९३ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये हिपॅटायटिस-बीवरच्या फियालुरिडिन या औषधाची चाचणी चालू होती. रुग्ण होते १५. पहिले काही आठवडे औषधाचा गुण येतो आहे असेच वाटत होते. मग एकेकाचे यकृत ढासळू लागले. चाचणी तातडीने थांबवली, तरी सात जणांचे यकृत निकामी झाले. पाच दगावले, आणि दोघे वाचले ते यकृताचे प्रत्यारोपण झाले म्हणून. माणसाला देण्याआधी हे औषध प्राण्यांना देऊन पाहिलेले होते, आणि त्यांत या धोक्याची चाहूल लागली नव्हती. पुढच्या संशोधनातून उलगडा होत गेला. हे औषध पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात शिरून तिथल्या डीएनएच्या कामात बिघाड करते. त्याला आत पोचवणारे वाहक प्रथिन माणसाच्या मायटोकॉन्ड्रियावर असते, उंदराच्या मायटोकॉन्ड्रियावर नसते. शिवाय हा बिघाड हळूहळू साचत जातो. दोन-चार दिवसांत तो दिसतच नाही. म्हणजे आधी इशारा मिळवायचा तर दोन गोष्टी हव्या होत्या: माणसाच्या यकृताच्या पेशी, आणि त्या कित्येक आठवडे यकृतासारख्याच वागत राहतील अशी सोय. पहिली गोष्ट तेव्हाही मिळत होती. दुसरी नव्हती, कारण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तळावर पसरलेली यकृतपेशी औषधांचे विघटन करणारी आपली विकरे काही दिवसांतच गमावून बसते. ती मेलेली नसते, पण यकृताचे काम करण्याचे तिने सोडलेले असते.

सस्तन प्राण्यांच्या पेशी तीन मितींत वाढवण्याचे शास्त्र मराठी वाचकासमोर ठेवताना सुरुवात इथून केली, कारण या विषयाभोवती एक सोपा समज तयार झाला आहे. सपाट थर वाईट, गोळा चांगला. थराच्या जागी गोळा वाढवला की शरीर प्रयोगशाळेत आले, असा तो समज. मला तो अर्धाच खरा वाटतो. संधी दिली तर पेशी तिसरी मिती बऱ्याच अंशी आपणहून उभी करतात. त्या मितीचा खर्च मात्र आपल्याला भागवावा लागतो: ऑक्सिजन पोचवायचा, मळ वाहून न्यायचा, आणि हे आठवडेच्या आठवडे चालू ठेवायचे. शरीरात हा खर्च रक्ताभिसरण उचलते. प्रयोगशाळेत तो बायोरिॲक्टरने उचलायचा असतो. म्हणून बायोरिॲक्टरला पेशीसंवर्धनाच्या पुस्तकात उपकरणांच्या परिशिष्टात ढकलू नये. तिसऱ्या मितीचा अर्धा अर्थ त्याच्यातच आहे, एवढेच या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे.

सपाट संवर्धन रूढ कसे झाले हे आधी पाहायला हवे, कारण ते कोणा मूर्खाने रूढ केले नाही. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातल्या चेतानलिकेचा तुकडा लसिकेच्या लोंबत्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशी शरीराबाहेर जगते, वाढते, आणि ती वाढताना पाहता येते, हे त्या थेंबाने दाखवले. पुढची जवळजवळ सारी प्रगती या ‘पाहता येते’भोवती फिरली. सूक्ष्मदर्शकाला पातळ थर लागतो; पेशी मोजायला, रंगवायला, दोन फ्लास्कांची तुलना करायला थर सोयीचा. १९५१ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी अखंड वाढू लागल्या, त्या ‘हेला’ पेशी. याच गाय यांच्याकडे पुण्याच्या कमल रणदिवे यांनी पुढचे संशोधन केले आणि परत आल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आपल्याकडे हे शास्त्र आले ते त्याच्या उगमाच्या इतक्या जवळून. हॅरी ईगल यांनी १९५० च्या दशकात पेशींचा आहार अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, क्षार आणि साखर यांच्या नेमक्या पाककृतीत बसवला, मग प्लॅस्टिकच्या निर्जंतुक बश्या आल्या, आणि थर हीच पेशींची नैसर्गिक स्थिती असल्यासारखे सगळे वागू लागले.

ती नैसर्गिक नाही, याचे पुरावे बाहेरून आणावे लागले नाहीत; संवर्धनाच्याच प्रयोगांनी ते दिले. प्लॅस्टिकवर यकृतपेशी तव्यावरच्या घावनासारखी पसरते: वरची बाजू द्रवात, खालची बाजू कडक तळाला चिकटलेली, शेजारणींशी संबंध फक्त काठांपुरता. यकृतात तिच्या चहूबाजूंना शेजारणी असतात, एका बाजूने रक्त वाहते, दुसरीकडे पित्ताची सूक्ष्म नळी असते, आणि तिची अर्धीअधिक यंत्रणा या दिशा ओळखून मांडलेली असते. १९७७ मध्ये जोआन एमर्मन आणि डोरोथी पिटेल्का यांनी उंदराच्या स्तनग्रंथीच्या पेशी कोलॅजेनच्या जेलवर वाढवल्या. जेल बशीच्या तळाला चिकटलेले होते तोवर पेशी चपट्याच राहिल्या; ते सोडवून द्रवात तरंगू दिले, तेव्हा पेशींनी ग्रंथीतले आपले मूळ रूप बऱ्याच अंशी परत घेतले आणि दुधातली प्रथिने बनवणे चालू ठेवले. पेशी तीच, आहार तोच, फरक फक्त आधाराचा. बर्कलीच्या मीना बिसेल यांनी १९८० च्या दशकापासून हाच धागा पकडला: पेशीबाहेरचा आधारक पेशीच्या जनुकांशी सतत बोलत असतो. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की स्तनाच्या निरोगी आणि कर्करोगी पेशी प्लॅस्टिकवर वेगळ्या ओळखणे कठीण जाते, तर आधारकाने समृद्ध अशा जेलमध्ये निरोगी पेशी नीटस पोकळ गोलक करतात आणि कर्करोगी पेशी वेडावाकडा ढीग. १९९७ मध्ये त्याहून धक्कादायक निष्कर्ष आला. आधारकाचा निरोप आत पोचवणारे बीटा-१ इंटेग्रिन हे प्रथिन प्रतिपिंडाने अडवले, तेव्हा कर्करोगी पेशींनीही नीटस गोलक केले. जनुकांतले दोष जागेवरच होते. वागणूक मात्र बदलली होती. माझ्या मते बशीत कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध कामाला लागण्यापूर्वी वाचावा.

पेशी रचना आपणहून उभी करतात, हे तर त्याहून जुने ज्ञान आहे. १९०७ सालीच, हॅरिसन यांच्या थेंबाच्याच वर्षी, एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज हा समुद्री जीव रेशमी कापडातून पिळून काढला. सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांतून नवा स्पंज घडला. १९५० च्या दशकात ॲरन मोस्कोना यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या पेशी विकराने सुट्या केल्या. फिरत्या फ्लास्कमध्ये त्या परत जुळल्या, आणि निरनिराळ्या अवयवांच्या पेशी मिसळल्या तर आपापली जात ओळखून वेगळ्याही झाल्या. फ्लास्क फिरता होता, ही बाब मला लक्षणीय वाटते. द्रव हलता ठेवला नसता तर पेशी तळाला बसून चिकटल्या असत्या. रचना पेशींची, पण ती घडायला लागणारी हालचाल बाहेरून आलेली.

आता खर्चाकडे वळू. हवेच्या संपर्कातल्या एक लिटर संवर्धनद्रवात जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तेवढ्याच निरोगी रक्तात, हिमोग्लोबिनमुळे, अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक मावतो. या दोन आकड्यांत आपली अडचण सामावली आहे. त्यातच विसरणाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो. एक दशांश मिलिमीटर अंतर ऑक्सिजन काही सेकंदांत कापतो; एक सेंटिमीटरला कित्येक तास जातात. म्हणूनच शरीरात बहुतेक पेशी केशवाहिनीपासून केसाच्या दोन-तीन जाडीपेक्षा दूर नसतात. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप तपासले, तेव्हा रक्तपुरवठ्यापासून सुमारे १८० मायक्रॉनच्या पलीकडे जिवंत पेशींचा थर जाऊ शकत नाही असे त्यांना आढळले. कॅनडातल्या रॉबर्ट सदरलँड यांनी १९७० च्या सुमारास चिनी हॅमस्टरच्या पेशींचे गोलक हलत्या द्रवात वाढवले आणि त्यांत तोच नकाशा उमटला: बाहेर वाढणाऱ्या पेशी, मध्ये निपचित, आत मृत. कर्करोगाच्या अभ्यासकाला ही पर्वणीच होती, कारण गाठीत नेमके हेच असते, आणि ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी किरणोपचाराला अडीच-तीन पट कमी दाद देतात. निरोगी यकृताचा किंवा मेंदूचा नमुना हवा असणाऱ्याला मात्र हाच नकाशा अडसर ठरतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. साध्या बशीतही पेशींवर दोन-तीन मिलिमीटर स्थिर द्रव असतो, आणि ऑक्सिजनला तो सगळा ओलांडून यावे लागते. यकृतपेशींसारख्या खादाड पेशी दाट पेरल्या तर त्या सपाट थरातही गुदमरतात. तेव्हा प्रश्न केवळ गोळ्याचा नाही. जिथे द्रव स्थिर, तिथे टंचाई.

बायोरिॲक्टर ही या टंचाईवरची उत्तरे, आणि प्रत्येक उत्तराची आपली अशी पडती बाजू आहे. अवयव शरीराबाहेर वाहत्या द्रवावर तगवण्याचा प्रयत्न ॲलेक्सिस कॅरेल आणि विमानोड्डाणासाठी गाजलेले चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९३५ मध्ये काचेच्या पंपाने केला होता. १९६७ मध्ये नेदरलँड्समधल्या फान वेझेल यांनी पेशी इवल्या मण्यांवर चिकटवून ते मणी ढवळत्या टाकीत सोडले. पोलिओसारख्या लसींच्या उत्पादनाला याच वाटेने मोठे प्रमाण लाभले. १९७२ मध्ये रिचर्ड नॅझेक आणि सहकाऱ्यांनी पोकळ तंतूंच्या जुडग्याभोवती पेशी वाढवल्या आणि द्रव तंतूंच्या आतून वाहवला, म्हणजे केशवाहिन्यांची नक्कलच केली. यातले ढवळणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत धोक्याचे. वनस्पतीच्या किंवा जिवाणूच्या पेशीला भिंत असते. आपल्या पेशीला नुसते पातळ पटल. पंख्याची धार, द्रवाचे घर्षण, आणि त्याहीपेक्षा पृष्ठभागावर फुटणारे बुडबुडे ते पटल फाडतात. उद्योगाने संरक्षक रसायने घालून आणि पंख्याचे आकार बदलून यावर मात केली, पण ती सुट्या, कणखर पेशींसाठी. नाजूक गोलकाला ढवळणे सोसत नाही.

ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये १९९० च्या सुमारास विकसित झालेले फिरते पात्र ही इथली सर्वांत चतुर युक्ती. पात्र द्रवाने काठोकाठ भरलेले, आत हवेचा बुडबुडा नाही, पंखा नाही, आणि वायूंची देवघेव सिलिकॉनच्या पटलातून. पात्र आडव्या अक्षाभोवती सावकाश फिरते आणि आतला द्रव जणू घट्ट पदार्थ असावा तसा त्याच्याबरोबर फिरतो. गोलक द्रवातून खाली पडत असतो, पण पात्र फिरत असल्यामुळे ‘खाली’ सतत बदलते. तो ना तळाला टेकतो, ना कशावर आदळतो. त्याच्या या अखंड पडण्यामुळेच भोवती सौम्य प्रवाह तयार होतो आणि ऑक्सिजनची ने-आण वाढते. गोलक मोठा झाला की वेग वाढवावा लागतो, म्हणून इथे दररोज कोणीतरी डोळ्यांनी पाहून चाक पिळणारे लागते. या यंत्राला सर्रास ‘सूक्ष्मगुरुत्वाचे’ म्हणतात. ते मला पटत नाही. गुरुत्व इथे पूर्ण हजर असते. त्याची दिशा तेवढी गोलकाच्या दृष्टीने सारखी फिरत राहते. गुरुत्व खरेच नसते तेव्हा काय होते हे पाहायला १९९६-९७ मध्ये गायीच्या कूर्चापेशींची बांधणी रशियाच्या मीर अंतराळस्थानकावर चार महिने वाढवली गेली. परतलेली कूर्चा पृथ्वीवर वाढवलेल्या जोडीदारापेक्षा लहान, जास्त गोलसर आणि यांत्रिकदृष्ट्या कमकुवत निघाली. कूर्चेला दाब लागतो, हाडाला प्रवाह, अस्थिबंधाला ताण. बायोरिॲक्टरने खर्च भागवायचा तो अवयवाच्या गरजेनुसार.

माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा डेन्मार्कहून येतो. ओडेन्सेच्या सदर्न डेन्मार्क विद्यापीठातले क्रिस्तोफ व्ह्झेसिन्स्की आणि स्टीफन फे यांनी सी-३-ए या यकृताच्या कर्करोगी पेशीवंशाचे गोलक फिरत्या बायोरिॲक्टरमध्ये वाढवले. ट्रिप्सिन या विकराने सुट्या केलेल्या पेशींना आपली मुख्य शरीरक्रियात्मक कामे यकृतातल्या पातळीजवळ परत आणायला १८ दिवस लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. सपाट संवर्धनात फ्लास्क भरला की तीन-चार दिवसांनी पेशी ट्रिप्सिनने सुट्या करून पुन्हा पेरायच्या असतात. म्हणजे तिथली पेशी कधी सावरतच नाही. एक घाव भरतो न भरतो तोच दुसरा. तिथे मोजले जाते ते बऱ्याच अंशी सावरण्याच्या धडपडीतल्या पेशीचे वर्तन. गोलक १८ दिवस आणि पुढेही जगवायचा तर ऑक्सिजनची सोय हवीच. इथे आकार, प्रवाह आणि काळ ही तीन वेगळी कलमे राहत नाहीत. फियालुरिडिनचा प्रश्न याच वाटेने मार्गी लागला: २०१६ साली स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी गोठवून साठवलेल्या मानवी यकृतपेशींचे गोलक पाच आठवडे कार्यक्षम ठेवून दाखवले, आणि दीर्घकाळ दिलेल्या फियालुरिडिनचे विष त्यांत दिसले. हे गोलक लहान आकाराचे आणि साध्या खळग्यांच्या बशीत वाढवलेले होते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते वरवर माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते. पण लहान आकार हाही त्याच हिशोबाचा भाग आहे. व्यास दोन-तीनशे मायक्रॉनच्या आत ठेवला की विसरणाने भागते. त्याहून मोठे, दाट किंवा अनेक प्रकारच्या पेशींचे काही हवे असेल तर प्रवाहावाचून गत्यंतर नाही.

या मांडणीवरचा पहिला आक्षेप अनुभवी लोकांकडून येतो आणि तो वजनदार आहे. गेल्या सत्तर वर्षांतल्या लसी, प्रतिपिंडे, गुणसूत्रांचा अभ्यास, सगळे सपाट थरावर किंवा सुट्या पेशींवर झाले. मग ही उठाठेव कशाला? उत्तर असे की पेशीकडून आपल्याला काय हवे, यावर ते ठरते. विषाणू वाढवायचा किंवा प्रतिपिंड बनवायचे असेल तर पेशी हा कारखाना आहे, आणि हजारो लिटरच्या टाकीत तरंगणाऱ्या हॅमस्टरच्या पेशी तो उत्तम चालवतात. त्यांना यकृत किंवा फुप्फुस होण्याची गरज नाही. पुण्यातल्या लसनिर्मात्यांना कोणी गोलक वाढवायला सांगत नाही. पण पेशीला साक्षीदार म्हणून विचारायचे असेल, की हे औषध माझ्या यकृताचे काय करील, तर साक्षीदार शुद्धीवर असायला हवा.

दुसरा आक्षेप सुसंगतीचा. सपाट थर सगळीकडे सारखा येतो. गोलक एकाच पात्रात लहानमोठे होतात, आणि सर्वाधिक वापरले जाणारे मॅट्रिजेल हे जेल उंदराच्या गाठीतून काढलेले असल्याने प्रत्येक खेपेला थोडे वेगळे निघते. हे खरे आहे. तरी सपाट थराची सुसंगती ही पुष्कळदा सारख्याच प्रकारे चुकण्याची सुसंगती असते, हे विसरू नये. आणि गोलकांतला विखुरलेपणा कमी करायला उपाय आहेत: आकारानुसार निवड, वय नोंदवणे, प्रत्येक गोलकाभोवतीचा प्रवाह मोजणे. आजही अनेक शोधनिबंध गोलकाचा व्यास आणि वय सांगत नाहीत; पन्नास मायक्रॉनच्या आणि पाचशे मायक्रॉनच्या गोलकांना एकाच नावाने ओळखून निष्कर्षांची तुलना होते. या हलगर्जीचा दोष तंत्रावर ढकलला जातो, तो अन्याय आहे.

खर्चाचा आक्षेप भारतीय प्रयोगशाळांना जवळचा. त्याला उत्तर म्हणून एकच उदाहरण पुरे. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या मिंग गुओ-ली आणि साँग होंगजुन यांच्या गटाने शालेय विद्यार्थ्यांच्या मदतीने त्रिमितीय छपाईने एक छोटा फिरता बायोरिॲक्टर बनवला. बारा खळग्यांच्या साध्या बशीवर तो बसतो आणि द्रव अगदी थोडा लागतो. त्यात वाढवलेल्या मेंदूच्या ऑर्गनॉइडवर, म्हणजे अवयवासारखी रचना घेणाऱ्या पेशींच्या गोळ्यावर, झिका विषाणूचा परिणाम तपासला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून पेशीवंश घेणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही असे उपकरण आवाक्याबाहेरचे नाही. महाग असते ती शिस्त: रोज पाहणे, आठवडेच्या आठवडे जंतुसंसर्ग टाळणे.

चौथा आक्षेप सर्वांत खोल, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. हे सगळे करूनही हाती येतो तो अवयव नव्हे. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकास्टर आणि युर्गेन नोब्लिश यांनी मेंदूचे ऑर्गनॉइड फिरत्या बायोरिॲक्टरमध्ये दहा महिन्यांपर्यंत जगवले. ते सुमारे चार मिलिमीटरपर्यंत वाढले आणि तिथेच थांबले. रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून गाभा मरतो. बाहेरून वाहवलेला कितीही चांगला प्रवाह गोळ्याच्या आत शिरत नाही. त्यांतल्या पेशी प्रौढ मेंदूपेक्षा भ्रूणाच्या मेंदूशी अधिक मिळत्या असतात. प्रतिकारक्षमतेच्या पेशी नाहीत, संप्रेरके नाहीत, दुसरे अवयव नाहीत. म्हणूनच कायद्यातल्या बदलांकडेही सावधपणे पाहायला हवे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढून टाकली. भारताच्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमांतही २०२३ मध्ये पेशीआधारित पद्धतींना जागा मिळाली. त्याच सुमारास यकृतपेशी वाहत्या द्रवावर जगवणाऱ्या एका छोट्या चिपने २७ औषधांच्या कसोटीत माणसाला विषारी ठरलेल्यांपैकी ८७ टक्के ओळखली आणि एकाही निरुपद्रवी औषधाला विषारी म्हटले नाही. ती चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी घेतलेली ही कसोटी होती, हे ध्यानात ठेवूनही निकाल दखल घेण्याजोगा आहे. यकृत हे या तंत्राला सर्वांत आधी वश झालेले क्षेत्र, कारण तिथे विचारायचा प्रश्न नेमका आहे. हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूसाठी अजून प्रश्नच नीट मांडायचे आहेत.

वाचकाने पुढच्या प्रकरणांतल्या प्रत्येक प्रयोगाला तीन गोष्टी विचारत जाव्यात: गोलकाचा व्यास किती, वय किती, आणि त्याच्या मध्यभागी ऑक्सिजन मोजला की गृहीत धरला. रक्तवाहिन्यांच्या पेशी ऑर्गनॉइडमध्ये मिसळून, किंवा जेलमध्ये आधीच नळ्या छापून, प्रवाह आत नेण्याचे प्रयत्न सध्या जोरात आहेत. छापलेल्या नळीतून द्रव वाहवता येतो. त्या नळीपासून पुढे शेवटच्या १०० मायक्रॉनपर्यंत केशवाहिन्यांचे जाळे पेशींनी स्वतः विणावे आणि ते बाहेरच्या पंपाशी जुळावे, हे काम अजून अर्ध्यावर आहे, आणि चार मिलिमीटरची मर्यादा ओलांडायची तर ते पुरे व्हावे लागेल.